पडणार म्हणून बसवलेलं नाटक चाललं तर? (विनोदी सिनेमाचं संगीत नाटक आणि आमचं मंडळ)

खलाशीबुवा

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. आता वेंगुर्ल्यापासून आत असलेल्या आमच्या वाडीत काजू आणि नातवंडं सांभाळतो. २००५च्या उन्हाळ्यात आमचं जहाज टिलबरीला लागलं होतं. एक दिवसाची सुट्टी मिळाली, तर बाकीचे बाजारात गेले आणि मी लंडनला ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये जाऊन 'द प्रोड्युसर्स' हे संगीत नाटक बघून आलो. मेल ब्रुक्सचा १९६७चा मूळ सिनेमा त्याआधी जहाजाच्या मेसमध्ये दोनदा बघितला होता, त्यामुळे गोष्ट पाठ होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅक्स बियालिस्टॉक हा बुडीत गेलेला नाट्यनिर्माता, श्रीमंत म्हाताऱ्यांना लाडीगोडी लावून पैसे काढणारा. त्याच्या वह्या तपासायला लिओ ब्लूम नावाचा भित्रा हिशेबनीस येतो. तो सहज बोलून जातो की चाललेल्या नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात जास्त कमाई होऊ शकते, कारण पडलेल्याचा हिशेब कोणी मागत नाही. झालं! दोघे मिळून जगातलं सगळ्यात वाईट नाटक शोधतात (हिटलरचे गोडवे गाणारं), सगळ्यात वाईट दिग्दर्शक धरतात, आणि त्या एका नाटकाचे २५,००० टक्के हिस्से विकून टाकतात. पहिल्या रात्री लोकांना वाटतं ही हिटलरची टिंगलच चाललीय. नाटक तुफान चालतं. आता एवढ्या भागीदारांना नफा कुठून द्यायचा?

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाला ७५ वर्षं होतायत. नवरात्रात दरवर्षी एक नाटक असतं. मी बैठकीत हा विषय काढला, तर अर्धे हसले आणि अर्धे म्हणाले, "बुवा, समुद्रावर फार दिवस राहिलात."

माझे प्रश्न दोन. मुळात विनोदी सिनेमाचं संगीत नाटक होतं तेव्हा त्यात काही वाढतं, की नुसती गाणी चिकटतात? आणि हे आपल्याकडे करायचं तर गाणी कसली घ्यायची: नाट्यपदं, दशावतारी की शक्ती-तुऱ्याची (दोन बाजूंनी गाण्यात सवाल-जवाब करायची)?

गजालवाला

बुवानू, माका एक सांगा. नाटक पडूक व्हया म्हणान मुद्दाम वायट नाटक करूचा, असाच ना? मगे आमच्या मंडळान गेली वीस वर्सां दुसरा काय केल्यान? फक्त पैसे मिळाले नाय.

तिरफळ

२५,००० टक्के ऐकून परदेशी लोक हसत असतील. आमच्या सातबारावर ५६ नावं आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आंब्याची निम्मी बाग आपलीच. बियालिस्टॉक नक्की कोकणातला.

पेटीमास्तर_रत्नागिरी

माझं मत कडू लागेल, पण सांगतो. मी चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गन आणि पेटीची साथ करतोय. सिनेमा गाजला की त्याच्या नावावर तिकिटं खपवायला नाटक काढायचं, मधेमधे सात-आठ गाणी घालायची, याला संगीत नाटक म्हणत नाहीत. हा धंदा झाला. संगीत नाटकात पद येतं ते पात्राला बोलणं पुरेना म्हणून. विनोदी सिनेमाची सगळी गंमत असते गतीत. हशा आला की पुढचा हशा तयार पाहिजे. तिथे तुम्ही पद आणि वर त्याच्या ताना घातल्यात की विनोद बसलाच खाली.

सुरंगी

मास्तर, नमस्कार. कुडाळला मराठी शिकवते, म्हणून राहवत नाही. तुम्ही स्वतः 'संशयकल्लोळ'ला किती प्रयोग साथ केलीत? देवलांनी ते आधी गद्य लिहिलं होतं, १८९३ मध्ये, 'फाल्गुनराव' या नावाने. मूळ मोलिएरचं, इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं. त्यात पदं पडली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत म्हणून उभं केलं. म्हणजे फ्रेंच प्रहसन, त्याचं इंग्रजी, त्याचं मराठी गद्य आणि मग त्याचं संगीत. आज गद्य 'फाल्गुनराव' कोण करतं? संगीतच उरलं. चालत्या विनोदी नाटकात पदं घालून ते बुडतं असं म्हणायचं तर आपलं सगळ्यात लाडकं विनोदी संगीत नाटक आडवं येतं.

पेटीमास्तर_रत्नागिरी

सुरंगीताई, मुद्दा घेतला. पण फरक आहे. फाल्गुनराव संशयी, त्याला संशयाचा झटका येतो आणि नाटक तिथे थांबू शकतं. तिथे जागा आहे. देवलांना ती जागा दिसली. सिनेमात जागा ठेवलेली नसते, तिथे कॅमेरा बसलेला असतो.

रंगपट

मास्तरांनी नकळत मुख्य गोष्ट सांगितली. "सिनेमात जागा ठेवलेली नसते, तिथे कॅमेरा बसलेला असतो." हे वाक्य मी आमच्या ग्रुपच्या भिंतीवर लावणार आहे.

मी मूळचा लांज्याचा, मुंबईत नाटकांची प्रकाशयोजना करतो. सिनेमातला विनोद बराचसा चेहऱ्यावर असतो. जीन वाइल्डरचा लिओ ब्लूम आठवा, घाबरला की खिशातून लहानपणीच्या निळ्या दुपट्याचा तुकडा काढून गालाला लावतो. सिनेमात तो तुकडा पडदाभर दिसतो. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतल्या माणसाला तो रुमालही वाटणार नाही. मग त्या भित्र्या माणसाच्या आतलं दाखवायचं कसं? तर गाण्यातून. लिओ कचेरीत बसलाय, करड्या रंगाची टेबलं, सगळे हिशेबनीस दुःखी सुरात आकडे मोजतायत, आणि त्याचं मन निर्माता होण्याचं स्वप्न बघायला लागतं तशी फायलींच्या कपाटांतून नर्तकी बाहेर येतात. त्याच्या डोक्यातलं स्वप्न दोन हजार लोकांना एकदम दिसतं. मास्तर, ही चिकटवलेली गाणी नव्हेत. कॅमेरा उठला, त्याच्या खुर्चीत गाणं बसलं.

उलटं उदाहरण जास्त शिकवतं. २००१ला हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं तेव्हा १२ टोनी, म्हणजे तिथले मोठे नाट्यपुरस्कार, मिळाले. इतके आधी कुठल्याही नाटकाला नव्हते, तोवरचा विक्रम १०चा होता. मॅक्स नेथन लेन, लिओ मॅथ्यू ब्रॉडरिक आणि दिग्दर्शक-नृत्यदिग्दर्शक सुझन स्ट्रोमन. मग २००५ला याच नाटकाचा पुन्हा सिनेमा केला. तेच दोघे नट, तीच दिग्दर्शक, बहुतेक गाणीही तीच. आणि तिकीटबारीवर बसला! मी तो बघितला तेव्हा कळेना की काय बिघडलंय. नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा अभिनय करतायत आणि कॅमेरा त्यांच्या नाकाशी उभा आहे. वाक्य टाकून हशासाठी क्षणभर थांबतात, पण हसायला समोर कोणी नाही. नाटकात प्रेक्षकाचा हशा हाही एक ताल असतो. तो काढून घेतला की समेवर येणारच कोण?

खलाशीबुवा

रंगपट, अगदी. मी बघितलं तेव्हा नेथन लेन सोडून गेला होता, दुसरा नट होता, पण काही बिघडलं नाही. दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

एक, म्हाताऱ्यांचा नाच. मॅक्सला पैसे देणाऱ्या सगळ्या आज्या आधाराच्या चौकटी (वॉकर) घेऊन रंगभूमीवर येतात आणि त्या चौकटी आपटून ताल धरतात. टकटक टकटक. मूळ सिनेमात हे नाहीच.

दुसरी, शेवटाकडची. मॅक्स तुरुंगात एकटा. लिओ पोरीला घेऊन रिओला पळालाय. तिथे मॅक्स संतापून आतापर्यंतचं अख्खं नाटक एका गाण्यात पुन्हा सांगतो. सगळ्यांचे आवाज काढतो, सगळ्या प्रसंगांतून धावत जातो, आणि मधेच "मध्यंतर" म्हणून गप्प बसून राहतो. लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. आता हा विनोद सिनेमात होईल का? सिनेमाला असलं मध्यंतर कुठलं! नाटक बघतोय हे प्रेक्षकाला माहीत आहे, याच्यावरच तो उभा आहे.

चाकरमानी_परळ

मध्यंतर म्हटलं की आपल्याला एकच आठवतं. जत्रेतला मालवणी खाजा आणि गरम भजी. तुमच्या लंडनला मध्यंतरात काय देतात?

खलाशीबुवा

आइस्क्रीम. छोट्या डबीत, आणि चमचा झाकणात.

चाकरमानी_परळ

म्हणूनच त्यांचं साम्राज्य गेलं.

वकीलसाहेब_सावंतवाडी

मजा चालू आहे, पण एक थंड पाणी. तो सिनेमा आणि ते नाटक दोन्ही कॉपीराइटच्या हक्काखाली आहेत. गाणी, पात्रांची नावं, प्रसंगांचा क्रम उचलून प्रयोग केलात तर लेखी परवानगी आणि मानधन लागतं. गावात आहे, तिकीट नाही, देवळाच्या पटांगणात आहे, यातलं काहीही ढाल म्हणून वापरू नका. हल्ली मोबाइलवर चित्रण होतं आणि दुसऱ्या दिवशी जगभर फिरतं.

मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. १९७८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. योगायोग बघा, तिथेही नाटक आणि सिनेमाचंच भांडण होतं. आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला, अशी नाटककाराची तक्रार होती. न्यायालय म्हणालं की विषय आणि कल्पना कोणालाही वापरता येते, मांडणीची नक्कल करता येत नाही. तक्रार फेटाळली. तेव्हा 'मुद्दाम पडणारं नाटक काढून पैसे खाणे' ही कल्पना घ्या आणि बाकी सगळं घरचं लिहा. आणि संहिता वेळेत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉरकडे) पाठवा. दरवर्षी कोणीतरी आदल्या आठवड्यात माझ्याकडे धावत येतं.

सुरंगी

घरचंच लिहायचं तर खरा प्रश्न हिटलरचा. ब्रुक्स ज्यू, दुसऱ्या महायुद्धात स्वतः सैन्यात होता. हिटलरला हसण्याला त्याच्याकडे कारण होतं आणि बघणाऱ्यांनाही. वेंगुर्ल्याच्या आत नवरात्रात हिटलर आणून काय होणार? लोक म्हणतील चार्ली चॅप्लिन आला. आपल्या माणसाच्या अंगावर काटा येईल असं काहीतरी हवं. असं नाटक, जे ऐकल्याबरोबर अख्खा गाव म्हणेल, "हे उभं राहू देणार नाही."

तिरफळ

'संकासूर विजय'. संकासूर जिंकतो, विष्णू हरतो.

दशावतारी_नातू

तिरफळ, चालणार. आणि म्हणूनच पडणार नाही. संकासूर आमच्याकडे आधीच लाडका आहे. आडदशावतारात तो काळा बुरखा घालून आला की पोरं पुढे सरकतात. विष्णूला झोप आली तरी चालेल, संकासूर पाहिजे. माझे आजोबा कंपनीत होते. सांगायचे, संकासूर रंगला की आख्यान सुरू व्हायला पहाटेचे दोन वाजायचे.

गजालवाला

'सुनेन सासूची सेवा केल्यान, तीन अंकी'. कोणी बघूक येवचो नाय.

मिरजोळे_पूल

जमिनीचा दलाल. दलालाच्या स्तुतीचं नाटक.

सुरंगी

थांबा. हे!

रंगपट

मिरजोळे_पूल यांनी एका ओळीत नाटक सोडवलं. कोकणातल्या कुठल्याही पटांगणात 'धन्य तो दलाल' असा बोर्ड लावा. पांढरे कपडे, गॉगल, हातात नकाशा, मागे आरती चाललीय, पोरी तांदूळ उधळतायत, आणि तो प्रत्येक घराला समजावतोय की तुमची बाग म्हणजे ओझं आहे. पहिल्या अंकात नारळ येतील.

आणि चालणारही त्याच कारणाने. लोकांना वाटेल ही त्याची जिरवलीय, आणि असा माणूस प्रत्येकाने बघितलेला आहे. नकाशावरची रेघ त्याच्याच आत्येभावाच्या बांधापाशी वळते, हे दाखवलं की पुरे. एका शब्दाचंही भाषांतर झालेलं नाही, पण तो सिनेमा आत आहे!

गजालवाला

एजंटाक हार घालूचो सीन आसा मा? मी नारळ घेवन पयल्या रांगेत बसतंय.

ओटीवरून

मी दापोलीकडची. एवढी वर्षं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमची सामायिक जमीन होती. एक ओळखीतलाच माणूस आला, गोड बोलला, मोठ्या काकांची सही घेतली, मग धाकट्यांना सांगितलं की मोठ्यांनी केली. प्रत्येकाला वेगळा आकडा. गणपतीत सगळे एकत्र जमले तेव्हा कळलं की एकच तुकडा तिघांकडून घेतलाय. तेव्हा कोणी हसलं नाही. पण सांगू? सात-आठ वर्षांनी माझ्या सासूबाईंनी त्याची नक्कल करून दाखवली, तो चहा कसा फुंकून प्यायचा ते, आणि आम्ही सगळ्या जणी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. जमीन परत आली नाहीच. त्याला चहा फुंकताना दाखवा एवढंच सांगायचं होतं.

पेटीमास्तर_रत्नागिरी

ओटीवरूनताई, लिहीत जा.

आता मला पटलं म्हणून संगीताचं बोलतो. सगळं नाट्यसंगीत करू नका. तुमच्याकडे तयार गळे नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. शक्ती-तुऱ्याची पोरं मात्र गावोगाव आहेत आणि सवाल-जवाब त्यांच्या रक्तात आहे. निर्माता आणि हिशेबनीस यांचं भांडण सवाल-जवाबात टाका. एक मागतो, दुसरा घाबरत आकडा सांगतो. नाट्यपद फक्त एक ठेवा, दलालाच्या तोंडी. नाटकातल्या नाटकात तो मुलतानीत आळवून आळवून सातबारा गाईल. गंभीर चेहरा आणि खरा सूर. सूर खोटा लागला तर विनोद मेला, एवढं लक्षात ठेवा. वाईट नाटक दाखवायलाच चांगला गायक लागतो.

रंगपट

शेवटच्या वाक्याला सलाम. मूळ सिनेमात हिटलरच्या स्तुतीचं गाणं आहे आणि नाटकात तेच ठेवून वाढवलं. चाल अगदी खऱ्या भव्य संगीत नाटकासारखी, नाच पक्का. वर तिरका आरसा लावला होता, त्यात नर्तकांचं फिरतं स्वस्तिक प्रेक्षकांना दिसायचं. मेहनत खरी, म्हणून हसू खरं.

आणि हे संगीत कोणाचं? ब्रुक्सचंच. तो आधी ब्रॉडवेचा संगीतकार जेरी हर्मनकडे गेला होता. हर्मनने पेटीवर, म्हणजे पियानोवर, ब्रुक्सच्याच सिनेमांतली गाणी वाजवून दाखवली आणि सांगितलं, तूच लिही. बुवा, तुमच्या वाडीतही असा एखादा असेल, ज्याला वाटतं आपल्याला चाल येत नाही.

दशावतारी_नातू

चाल सोडा, संहिता तरी पूर्ण लिहू नका. ऐका. दशावतारात मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, कोण कुठे येणार, कोण मारला जाणार. बाकी संवाद नट तिथेच रचतो. साथीला पेटी, पखवाज, झांज आणि बसायला एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. समोरच्या गावात त्या वर्षी काय घडलंय ते नटाला चहाच्या टपरीवर कळलेलं असतं आणि रात्री कीचकाच्या तोंडून बाहेर येतं. तुमचा दलाल असा मोकळा सोडा. ठरलेली चार वळणं आणि बाकी जागेवर. हशा आला तर लांबवायचं, नाही आला तर पखवाजवाल्याकडे बघायचं, तो तोडा मारून वाचवतो.

वकीलसाहेब_सावंतवाडी

मोकळा सोडा म्हणताय, पण खऱ्या माणसाचं नाव कोणी घेतलं तर माझा नंबर बुवांकडे आहे. आणि परिनिरीक्षणाला पाठवलेली संहिता एक, प्रयोग दुसरा, असं करू नका.

तिरफळ

वकीलसाहेब म्हणजे या धाग्यातले लिओ ब्लूम. निळा रुमाल आहे का जवळ?

वकीलसाहेब_सावंतवाडी

पांढरा आहे. पण गच्च धरलाय.

चाकरमानी_परळ

पण 'वस्त्रहरण' असताना हे नवं काय? गवाणकरांनी आणि मच्छिंद्र कांबळींनी १९८०लाच दाखवलं की गावातलं फसलेलं नाटक हेच सगळ्यात मोठं हसू. मालवणीत, आणि पाच हजारांवर प्रयोग.

सुरंगी

बरोबर, पण एक फरक आहे. 'वस्त्रहरण'मधल्या लोकांना नाटक चांगलं करायचं असतं आणि ते मोडतं. यात वाईट करायचं असतं आणि ते उभं राहतं. उलटा सदरा.

दैव मात्र दोघांचं सारखं. 'वस्त्रहरण' सुरुवातीला रखडलं, मग पुलंनी कौतुकाचं पत्र लिहिलं आणि उचललं. ब्रुक्सच्या सिनेमाच्या बाबतीत पीटर सेलर्सने व्यवसायाच्या वर्तमानपत्रात पदरच्या पैशाने स्तुतीची जाहिरात दिली होती. मोठ्या विनोदी माणसाला दुसऱ्याचा विनोद आधी कळतो.

आणि बुवा, म्हाताऱ्यांच्या नाचाबद्दल. चौकटी कशाला आणता? आपल्या आज्यांना गणपतीत फुगडी घालताना बघितलंत ना? सत्तरीच्या बायका पदर खोचून पकवा करतात आणि सुना बाजूला दमून बसतात. वर्गणी देणाऱ्या बारा आज्या, फुगड्या, आणि मधे तो निर्माता प्रत्येकीच्या हातातून गरगरत पुढे. प्रत्येक फेरीला एक पावती फाटते. संगीत नाटकाला याहून काय पाहिजे?

मिरजोळे_पूल

तिकीट किती ठेवणार? २००१ला त्यांनी सगळ्यात वरचं तिकीट १०० डॉलर केलं तेव्हा ओरड झाली, आणि काही महिन्यांतच काळ्या बाजारवाल्यांवर उपाय म्हणून ४८० डॉलरच्या खास खुर्च्या काढल्या. पडणाऱ्या नाटकाची गोष्ट सांगून!

खलाशीबुवा

तिकीट नाही हो. चटई घरून आणायची.

सगळ्यांचे आभार. बैठकीला हा धागा छापून नेतोय. पाऊस संपल्यावर कळवतो.

गजालवाला

छापताना माझी सासूची ओळ काढा. घरातली बैठकीक येतली.

खलाशीबुवा (तीन महिन्यांनी)

मंडळी, कळवतो म्हटलं होतं, उशीर झाला. मधे भाताची कापणी, मग नातवाचा ताप.

पहिलं वाचन देवळाच्या सभामंडपात झालं. लाइट दोनदा गेली. संहिता चाळीस पानांची, दशावतारी_नातू म्हणाले त्याप्रमाणे दलालाचा भाग मोकळा, फक्त वळणं लिहिलेली. दलाल करतोय तो आमचा पोस्टमन. चहा फुंकून दाखवला, न सांगता! ओटीवरूनताई, मी त्याला काही बोललो नव्हतो. तो म्हणाला, "सगळे असाच पितात."

मास्तर, मुलतानी बसेना. भीमपलास घेतलाय, रागावू नका. आपल्या खालच्या वाडीतला एक पोरगा गातो, वीजमंडळात खांबावर चढायचं काम करतो. सूर खरा आहे. सवाल-जवाब शक्ती-तुऱ्याच्या पोरांनी दोन रात्रींत रचले, त्यातले निम्मे बायकांसमोर म्हणता येणार नाहीत म्हणून बदलले. बायकांनी मूळचेच मागितले.

अडचण भलतीकडून आली. बारा नाही, अकरा आज्या जमल्या. फुगडीला तयार. पण वाचन ऐकून सगळ्यांत मोठी, वय ८१, म्हणाली, "आमी फसलेल्यो कित्याक दाखवतास? आमका ठावक होता म्हणान दाखवा." म्हणजे शेवटी उघड होतं की आज्यांना पहिल्यापासून माहीत होतं की हा लबाड आहे. फुगडीची मजा आली म्हणून पैसे दिले. आणि हिशेबाची वहीही त्यांनीच लपवलेली. बैठकीत कोणाला विरोध करायचा धीर झाला नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाचं, काही वाढतं की नुसती गाणी चिकटतात, याचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं. हा शेवट सिनेमातही नाही आणि ड्रुरी लेनलाही नव्हता.

खजिनदाराची भूमिका आमचे खरे खजिनदार करणार होते. दुसऱ्या वाचनापासून ते येत नाहीत. फोनही उचलत नाहीत. बघू.

एक मदत हवी. आमच्या पखवाजवाल्याला मुंबईत नोकरी लागली. पुढच्या नवरात्रापर्यंत तालमीला बसेल असा कोणी सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला पट्ट्यात ठाऊक आहे का? मानधन जमेल तसं.

पेटीमास्तर_रत्नागिरी

भीमपलासही चालेल. दलाल आहे, दुपार टळल्यावरच येतो.

गजालवाला

पखवाजवालो आसा माझ्या वळखीचो. येयत. पण तो इचारता, हिस्सो किती टक्के?